दानाच्या वहीचे दुसरे पान

आपल्या घरांत दानाची सवय मुलांना फार लहानपणी लागते. माझे आजोबा बार्शीच्या बाजारात भुसाराचा व्यापार करीत. त्यांच्या खातेवहीत ‘धर्मादाय’ नावाचे एक वेगळे खाते असे आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक पोत्यामागे काही पैसे त्या खात्यात जमा होत. वर्षअखेरीस ती रक्कम पांजरपोळासाठी, पाणपोईसाठी किंवा एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या फीसाठी खर्ची पडे. रक्कम दिली गेली की आजोबा त्या नोंदीखाली शाईने एक रेघ ओढत. व्यवहार पूर्ण झाला, असा त्या रेघेचा अर्थ होता.

एम.कॉम. होऊन मी बँकेत लागलो आणि छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या खात्यांवर नजर ठेवण्याचे काम केले. या काळात त्या रेघेविषयीचे माझे मत थोडे बदलले. देणाऱ्याच्या वहीत जिथे रेघ पडते, तिथून घेणाऱ्याच्या वहीचे पान सुरू होते. त्या पानावर पुढे काय लिहिले गेले, हे देणाऱ्याला सहसा कळत नाही. मला मात्र ते पान जवळून पाहण्याचा योग आला. १९९३ च्या भूकंपाच्या वेळी मी लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात एका ग्रामीण शाखेत अधिकारी होतो आणि पुढची तीन वर्षे भूकंपग्रस्तांच्या वस्त्यांत बँकेचे काम करीत होतो. तेथे जे पाहिले ते आपल्या व्यापारी कुटुंबांपुढे मांडावे, असे बरेच दिवस मनात होते.

तरुण वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जनाचा दिवस, आणि दिगंबर परंपरेत दशलक्षण पर्वाच्या समाप्तीचाही. रात्री उशिरापर्यंत मिरवणुका चालल्या होत्या. दमलेली माणसे घरी येऊन झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर यांच्या आसपास, तेरणेच्या खोऱ्यातील गावेच्या गावे काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. सरकारी नोंदीनुसार सुमारे आठ हजार माणसे दगावली. इतर अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. आदल्याच वर्षी या परिसरात लहानमोठे धक्के बसले होते. लोक काही दिवस घराबाहेर झोपलेही होते; परंतु धक्के थांबले आणि भीती ओसरली.

इतकी माणसे दगावण्याचे मुख्य कारण त्यांची घरे हेच होते. त्या भागातील जुनी घरे दगडमातीची. भिंती दोन-दोन, चार-चार फूट रुंद, पण दगड मातीत बसवलेले. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधून ठेवणारे आरपार दगड क्वचितच घातलेले. वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचे जाड माळवद. छत गळू नये म्हणून दर पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती चढवली जाई आणि वर्षानुवर्षे छताचे वजन वाढत जाई. उन्हाळ्यात हीच घरे गार राहत. पिढ्यान्‌पिढ्या ज्या भिंतींनी सावली दिली त्या एका पहाटे अंगावर आल्या, ही गोष्ट तेथील लोकांच्या मनातून पुढे कित्येक वर्षे गेली नाही.

आमच्या शाखेच्या गावात भिंतींना तडे गेले, पण प्राण कुणाचे गेले नाहीत. त्यामुळे पहिल्या दिवसापासून आमचे गाव मदतीच्या वाटेवरचा एक थांबा झाले. सैन्य आले, डॉक्टर आले, सोलापूर-बार्शी-लातूरच्या घराघरांतून भाकऱ्यांच्या चवडी आल्या. वरून पाऊस पडत होता. ढिगारे उपसणारे हात कमी आणि ते पाहायला येणाऱ्यांच्या गाड्या अधिक, असेही काही दिवस होते. तरीही देणाऱ्यांच्या मनातील कळकळ खरी होती, हे मी नि:शंकपणे सांगेन. दूरदूरच्या अनोळखी माणसांनी त्या आठवड्यात आमच्या रस्त्यावर जे ओतले, त्याची मोजदाद कोणत्याही खातेवहीत मावणार नाही.

पण मावणार नाही म्हणून ती तपासायचीच नाही, असेही नव्हे. ट्रकांमधून जुन्या कपड्यांचे गठ्ठे येत. त्यांत कोट असत, पार्टीत घालायचे झगझगीत पोशाख असत, बटणे तुटलेले शर्ट असत. रस्त्याच्या कडेला त्यांचे ढीग साचले आणि पावसात कुजले. साड्या भरपूर आल्या, परंतु त्या बहुतेक सहावारी. त्या गावांतील वयस्क बाया नऊवारी लुगडे नेसणाऱ्या. अंगावरच्या एका चिखलाने माखलेल्या लुगड्यानिशी त्या चार-चार दिवस बसून होत्या, आणि समोर नव्या साड्यांची चळत होती. शेवटी कुणीतरी दोन साड्या जोडून शिवण्याची कल्पना काढली. याउलट सोलापूरच्या चादरी, कंदील, बादल्या, चुलीवर चढवता येतील अशी पातेली या वस्तू आल्या तशा क्षणात उचलल्या गेल्या. ज्यांनी त्या पाठवल्या त्यांनी आधी कुणाला तरी विचारले असावे, किंवा त्यांच्या घरी चूल असावी.

पुढच्या काही महिन्यांत मोडलेल्या गावांच्या आसपासच्या रानांत तात्पुरत्या वस्त्या उभ्या राहिल्या. लोखंडी पत्र्यांची, एकसारखी, रांगेने मांडलेली शेड. प्रत्येक दारावर रंगाने लिहिलेला क्रमांक. तोवर माणसाची ओळख ‘वेशीजवळच्या वाड्यातला’ किंवा ‘मारुतीच्या पाराजवळचा’ अशी होती. आता ती रांग आणि आकडा अशी झाली. पाणी टँकरने येई. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली बसवत नसे आणि पावसाळ्यात थेंबांच्या आवाजात बोललेले ऐकू येत नसे. बायांना आंघोळीला आडोसा नव्हता. कित्येक जणी पहाटे तीनला उठत. तरीही लोक म्हणत, ‘‘पत्रा बरा. पडला तरी मरत नाय.’’ लहान मुले तर पक्क्या छताखाली जायलाच घाबरत. काही महिन्यांसाठी म्हणून उभारलेल्या या वस्त्यांत अनेक कुटुंबांनी दोन-तीन वर्षे काढली.

आम्ही आठवड्यातून दोन दिवस जीपमध्ये एक लोखंडी पेटी, खातेपुस्तके आणि शिक्के घेऊन वस्तीत जात असू. एका शेडमध्ये टेबल टाकून बँक भरे. सरकारी साहाय्याचे धनादेश वटवायचे, नवी खाती उघडायची आणि मृत खातेदारांच्या ठेवी वारसांना द्यायच्या, हे आमचे काम. शेवटचे काम सर्वांत कठीण होते. खातेदार गेलेला, नामनिर्देशन केलेली पत्नीही गेलेली, मुलेही गेलेली. पासबुक ढिगाऱ्याखाली. ओळख पटवायला तलाठी आणि पोलीस पाटील यांच्यावाचून दुसरा आधार नाही, आणि एका गावी तर पोलीस पाटीलच उरला नव्हता. एकाच ठेवीसाठी दोन दीर, एक सासरी नांदणारी मुलगी आणि एक भाचा असे चौघे उभे राहत. कोणी लोभाने येई, कोणी खरोखर गरजेने, आणि अर्जावरून त्यांच्यातील फरक ओळखता येत नसे.

एकदम हातात आलेला पैसा काय करतो, हेही तेथेच पाहिले. वस्तीच्या तोंडाशी दारूचे दुकान आले, मोटारसायकली विकणारे आले, दामदुपटीचे आमिष दाखवणारे आले. ज्याने कधी एका वेळी हजार रुपये पाहिले नव्हते त्याच्या नावावर काही हजार जमा झाले होते, आणि सोबत दु:ख होते. काही घरांत ती रक्कम सहा महिने टिकली नाही. आमच्या शाखेतील एक ज्येष्ठ रोखपाल मोठी रक्कम काढायला आलेल्याला प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारीत : ‘‘घरी सांगून आलात का?’’ नियमात असा प्रश्न नव्हता. पण त्यामुळे कितीतरी माणसे अर्धीच रक्कम काढून परत गेली.

अज्ञान मुलांच्या नावच्या ठेवींबाबत आम्ही फार काटेकोर होतो. ज्या मुलांचे आईवडील गेले त्यांचे पालकत्व घ्यायला नातेवाईक पुढे आले, हे चांगलेच होते. परंतु ठेवीच्या पावतीबरोबर मूलही वाटून घेतले जात आहे, असे कधी कधी वाटे. एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन तिचे काका आणि मामा दोघेही टेबलाशी आले. दोघांचा आवाज चढला. मुलगी मात्र माझ्या टेबलावरील शाईच्या पॅडकडे टक लावून पाहत होती. शेवटी ठेव मुलीच्याच नावे, ती सज्ञान होईपर्यंत मोडता येणार नाही अशी ठेवली. मग दोघांपैकी कोण तिला घेऊन गेले याकडे मी मुद्दाम लक्ष दिले. पावती ज्याच्या हाती नव्हती, तो मामा घेऊन गेला.

या मुलांचे पुढे काय, हा प्रश्न धान्याच्या पोत्याने सुटणारा नव्हता. आपल्या समाजाला अभिमान वाटावा असे काम येथे झाले. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेचे संस्थापक शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त कुटुंबांतील सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली आणि त्यांच्या राहण्या-जेवण्याची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. पुढे वाघोली येथे त्यांच्यासाठी शैक्षणिक पुनर्वसनाचे केंद्र उभे राहिले. ही मुले जैन नव्हती. ती त्या गावांतील शेतकऱ्यांची, मजुरांची मुले होती. त्याच काळात नळदुर्ग येथे पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी अनाथ मुलांसाठी ‘आपलं घर’ उभे केले, आणि ज्ञान प्रबोधिनीने हराळी येथे काम सुरू केले. या सर्व कामांत एक गोष्ट समान आहे. त्यांनी आपल्या मदतीची मुदत मुलांच्या गरजेवरून ठरवली. सहा वर्षांचे मूल आपल्या पायावर उभे राहायला बारा-पंधरा वर्षे लागतात. तेवढी वर्षे देण्याची तयारी असेल तरच त्याला हात लावायचा.

तरीही दुसऱ्या पानावर काय लिहिलेले असते, ते सांगितले पाहिजे. एक विधवा बाई आपल्या धाकट्या मुलाला पुण्याला पाठवावे की नाही, हे विचारायला माझ्या टेबलाशी आली. शिकलेला माणूस म्हणून तिने मला विचारले, इतकेच. ती म्हणाली, ‘‘साहेब, तिथं पोटाला मिळंल, शाळा मिळंल, समदं खरं. पन लेकरू तिकडचंच झालं तर?’’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि ते देण्याचा अधिकारही नव्हता. तिने चार दिवस विचार केला आणि मुलाला पाठवले. दर सुट्टीत तो येई. प्रत्येक वेळी त्याची भाषा थोडी बदललेली असे, आणि ती ते अभिमानाने आणि थोड्या धास्तीने सांगे. माझी बदली झाली तेव्हा तो नववीत होता. पुढे तो पुण्याच्या बाजूलाच नोकरीला लागला आणि आई गावीच राहिली, असे कळले. तिचा निर्णय योग्य होता, असे मला वाटते. परंतु त्या निर्णयाची किंमत तिने भरली, देणाऱ्यांनी नव्हे. चांगल्या मदतीलाही घेणाऱ्याकडून अशी किंमत द्यावी लागते, याची जाणीव देणाऱ्याला असावी.

आता आपल्या वाचकांना अधिक जवळचा वाटेल असा एक अनुभव सांगतो. त्या वस्तीत आपल्याच समाजातील एक किराणा-भुसार व्यापारी होते. त्यांना सारे काका म्हणत. भूकंपात त्यांचे थोरले बंधू गेले, दुकान गेले आणि तीन पिढ्यांच्या खातेवह्या मातीत गेल्या. समाजाचे काही कार्यकर्ते साधर्मिक बांधवांसाठी वेगळी मदत घेऊन आले, तेव्हा काका हात जोडून म्हणाले, ‘‘द्यायचं ते सगळ्यांच्या रांगेत द्या. मला वेगळं देऊ नका. गिऱ्हाईक बघत असतं.’’ कार्यकर्त्यांना ते आधी रुचले नाही. पण काकांचा हिशेब पक्का होता. ज्या गावात सगळ्यांचेच गेले, तेथे शेठच्या दारात वेगळे गाठोडे उतरले असते, तर चाळीस वर्षांचा संबंध त्या एका गाठोड्याने तुटला असता.

मग तुम्हाला काय हवे, असे विचारल्यावर त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या : एक तराजू, वजनांचा एक संच, आणि लातूरच्या एखाद्या आडतदाराने दोन महिने उधारीवर माल द्यावा असा शब्द. शब्द मिळाला. पत्र्याच्या शेडमध्ये दुकान लागले. बँकेकडून लहानसे कर्ज हवे होते, पण तारण ठेवायला काही नव्हते आणि कागद नव्हते. नैसर्गिक आपत्तीत जुन्या पीककर्जांचे हप्ते पाडून द्यावेत, नव्या कर्जाला तारणाची अट सैल करावी, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश असतात. त्यांचा आधार घेऊन प्रस्ताव वर पाठवला आणि पाच आठवड्यांनी तो मंजूर झाला.

दुकान सुरू झाले तरी गिऱ्हाईक नव्हते, कारण वस्तीत धान्य, तेल, साखर फुकट वाटली जात होती. पहिल्या दोन महिन्यांत ती गरजेचीच होती. पण वाटप चालूच राहिले. काका एकदा शांतपणे म्हणाले, ‘‘भाऊ, फुकट वाटणारा कधी थांबणार, एवढं तरी मला आधी कळायला हवं. त्याच्याशी मी कसा धंदा करू?’’ आपण सारे व्यापारी घराण्यांतले. या वाक्यातील अर्थ आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको. जेथे बाजार मोडला आहे तेथे धान्य वाटणे हा धर्म आहे. पण बाजार उभा राहू पाहत असताना बाहेरचे धान्य ओतत राहिलो, तर दुकानदार, हमाल, पीठगिरणीवाला, बैलगाडीवाला या सगळ्यांचा धंदा आपणच बसवतो.

भूकंपानंतर सहा आठवड्यांनी दिवाळी आली. वस्तीत आकाशकंदील नव्हते, फराळ नव्हता. काकांनी मात्र शेडमध्ये पाटावर नवी वही ठेवून वहीपूजन केले. जुनी येणी लिहायला जुनी वहीच नव्हती. ते कोणालाही काही विचारायला गेले नाहीत. पाडव्याच्या सकाळी एक शेतकरी आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, ‘‘माझ्याकडं बाराशे ऐंशी हायेत. लिवा.’’ नव्या वहीची पहिली नोंद ती. नंतर आणखी काही जण आले. सगळे आले नाहीत. बरेच तर हयातच नव्हते, आणि काहींनी सोयीस्कर विसर पाडला. काका म्हणत, निम्मे बुडाले असावे. पण जे आले त्यांच्या जोरावर दुकान चालले. सरकारची किंवा संस्थांची मदत कितीही मोठी असली, तरी गावाची स्वत:ची अशी एक पत असते, आणि ती ढिगाऱ्याखालून बाहेर काढायला बाहेरचा माणूस उपयोगी पडत नाही. त्याने एवढेच करावे, की ती पत चालू होईल अशी जागा सोडावी.

कायमच्या पुनर्वसनाचे काम फार मोठे होते. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने राज्य सरकारने भूकंप पुनर्वसन प्रकल्प हाती घेतला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायची, आणि तेरा जिल्ह्यांतील जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करायचे, असा त्याचा आवाका होता. अनेक गावे देणगीदार संस्थांनी दत्तक घेतली. केरळच्या ‘मलयाळ मनोरमा’ या दैनिकाने बाणेगाव उभे केले. नव्या गावांतील घरे जमीनधारणेनुसार ठरली : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्याहून अधिक असलेल्यांना ७५०. शेतीप्रधान भागासाठी ही पद्धत समजण्यासारखी होती. मात्र काकांच्या नावे जमीन नव्हती. तीन पिढ्या ज्या वाड्यातून दुकान चालले, त्याच्या बदल्यात त्यांना भूमिहीनांच्या रांगेतले सर्वांत लहान घर मिळाले. सुतार, शिंपी, सोनार यांचेही तेच झाले. त्यांचा व्यवसाय यादीच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हता.

नवी गावे नकाशावर सुरेख होती. रुंद रस्ते, सरळ रांगा, सिमेंटची घरे, दर्शनी भागात देणगीदारांच्या नावाची कमान. पण जुने गाव घट्ट विणलेले होते. एका हाकेला शेजारीण येई. नवे गाव कितीतरी पट पसरले. म्हातारीला मंदिर दूर, पोरांना शाळा दूर, दुकानाला गिऱ्हाईक दूर. घरात कडबा ठेवायला, जनावर बांधायला, धान्याची कणगी ठेवायला जागा नव्हती. मग लोकांनी काय केले? वस्तीतले जुने पत्रे आणून पक्क्या घराशेजारी पुन्हा शेड टाकले. घर बांधणाऱ्यांनी भूकंपाचा विचार केला होता आणि तो अगदी योग्य होता. परंतु भूकंप एका पहाटेचा, आणि शेतकऱ्याचा संसार रोजचा. या दुसऱ्या गोष्टीसाठी विचारायला हवे होते ते बहुधा घरच्या बायांना, आणि त्यांना विचारणारे फार थोडे होते.

दुरुस्तीच्या गावांत मात्र चित्र थोडे वेगळे दिसले. तेथे लोकांना आपल्या मूळ जागीच घर मजबूत करायचे होते आणि साहाय्याची रक्कम काम होईल तशी हप्त्यांनी मिळत होती. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केले. या बाया घरोघर जाऊन आरपार दगड म्हणजे काय, भिंतीला पट्टा कसा घालायचा, सिमेंट किती लागते, हे समजावून सांगत. एक दिवस अशीच एक संवाद सहायक दहा-बारा जणींना घेऊन आमच्या शाखेत आली. हप्ता जमा झाला की नाही, हे त्यांना स्वत: पाहायचे होते. त्यांतल्या बहुतेक जणी बँकेची पायरी प्रथमच चढत होत्या. त्यांनी पासबुके काउंटरवर ठेवली, भरून घेतली आणि आकडे एकमेकींना वाचून दाखवले. त्यानंतर त्या दर महिन्याला येत. पुढे त्यांनी बचत गट काढले आणि त्यांची खाती आमच्याकडेच उघडली.

यापुढची हकीकत मला विशेष मोलाची वाटते. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांतल्या या बाया गुजरातमध्ये गेल्या. ज्यांनी आठ वर्षांपूर्वी रांगेत उभे राहून लुगडे घेतले होते, त्या आता भूकंपग्रस्त स्त्रियांजवळ बसून, पत्र्याच्या शेडमध्ये दिवस कसे काढायचे आणि घर बांधताना काय सोडायचे नाही, हे सांगत होत्या. भाषा वेगळी होती, पण अडचण आली नाही, असे त्या म्हणत. माझ्या दृष्टीने दानाची नोंद पूर्ण होते ती येथे. घेणाऱ्याचे नाव जमेच्या बाजूला आले की मगच आजोबांची ती रेघ ओढावी.

त्यानंतर आपल्या राज्यात माळीण झाले, कोल्हापूर-सांगलीचा महापूर झाला, चिपळूण पाण्याखाली गेले, इर्शाळवाडीवर दरड कोसळली. प्रत्येक वेळी आपल्या समाजाने हात पुढे केला आणि यापुढेही करील. त्या वेळी उपयोगी पडाव्यात म्हणून माझ्या टेबलावरून दिसलेल्या काही गोष्टी व्यापाऱ्याच्या भाषेत सांगतो. गिऱ्हाईकाला न विचारता आपण कधी माल भरत नाही. मग दान पाठवतानाच तेवढी चौकशी का सोडावी? एक फोन तेथील शिक्षकाला, ग्रामसेविकेला किंवा दुकानदाराला करावा. जे धान्य, भांडी, कापड तेथल्या बाजारात मिळते, ते शक्य तर तेथल्याच दुकानातून घ्यावे. दान एकाचे होईल आणि धंदा दुसऱ्याचा उभा राहील. पहिल्या आठवड्यात सगळेच देतात. म्हणून आपल्या रकमेचा एक भाग सहा महिन्यांनंतरसाठी राखून ठेवावा, कारण तेव्हा कॅमेरे गेलेले असतात आणि पावसाळा आलेला असतो. रोख मदत असेल तर ती घरातील स्त्रीच्या नावासह खात्यात जावी. आणि मुलांची जबाबदारी घ्यायची असेल, तर पंधरा वर्षांचा हिशेब आधी मांडावा, मगच शब्द द्यावा.

काकांचे दुकान आता त्यांचा नातू पाहतो. नव्या गावाच्या मुख्य रस्त्यावर त्याने जागा घेतली आहे. मागच्या वर्षी फोनवर सहज विचारले, तेव्हा तो म्हणाला की हिशेब आता संगणकावर असतो. पण पाडव्याला एक लाल वही अजून पूजली जाते, आणि तिच्यात धर्मादायाचे खाते आहे. त्या वर्षीची रक्कम कुठे दिली, असे मी विचारले. तो म्हणाला, ‘‘अजून दिली नाही, काका. शेजारच्या गावातल्या शाळेला काय पाहिजे, ते विचारलंय. त्यांचं उत्तर यायचं आहे.’’